ट्रेलरच्या घोड्याला कोणता रेशो? पुण्यातून माल खेचणाऱ्यांसाठी हिशेब

ट्रेलरच्या घोड्याच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या, हौसिंगला कोणता रेशो घ्यावा? निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. "पाच एकोणतीस खेचतो, चार अकरा पळतो." म्हणजे ५.२९ आणि ४.११. हौसिंग म्हणजे मागच्या चाकांमधला दातांचा गोळा, आणि रेशो म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला त्यात येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्समधून मागे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) किती फेरे होतात तो आकडा. शोरूममध्येही हेच ऐकवतात: "शेठ, तुमचा माल घाटातला, मोठाच रेशो घ्या." ऐकायला पटतं. पण गिअरबॉक्स न बघता हौसिंगच्या रेशोवर दिलेला कुठलाही सल्ला अर्धवट आहे, आणि बहुतेक वेळा गिअरबॉक्सचं कुणी नावही काढत नाही.

एक उदाहरण घेऊ. एका घोड्याला ५.२९ चं हौसिंग आहे. गिअरबॉक्स ओव्हरड्राईव्हचा, म्हणजे टॉप एकाच्या खालचा: पहिला गिअर ९.४८ आणि टॉप ०.७५. दुसऱ्याला ४.११ चं हौसिंग, पण गिअरबॉक्स डायरेक्ट टॉपचा, म्हणजे टॉपमध्ये इंजिनचे फेरे जसेच्या तसे मागे जातात: पहिला १२.७, टॉप १.०. आता गुणाकार करा. पहिल्या गिअरमध्ये एकाचा ५०.१, दुसऱ्याचा ५२.२. टॉपमध्ये एकाचा ३.९७, दुसऱ्याचा ४.११. म्हणजे 'पळणारा' म्हणून हिणवलेला ४.११ वाला इथे खेचायला उलट तसूभर पुढेच आहे. दोन्ही गाड्या रस्त्यावर जवळपास सारख्याच चालतील. म्हणून इथून पुढे हौसिंगचा रेशो एकटा बघायचा नाही, त्याला पहिल्या आणि टॉप गिअरने गुणून येणारे दोन आकडे बघायचे.

हे आकडे येतात दातांच्या भागाकारातून. हौसिंगमधल्या मोठ्या चक्राला, म्हणजे क्राऊनला, ३७ दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ७ असतील तर ५.२९. ३९ आणि ८ ला ४.८८, ३७ आणि ९ ला ४.११, ३७ आणि १० ला ३.७०, ३७ आणि ६ ला ६.१७. जितका आकडा मोठा, तितके प्रॉपेलर शाफ्टचे फेरे जास्त आणि चाकाला मिळणारा जोरही तितका जास्त.

आधी वजन, तेही काट्यावरचं

जुलै २०१८ मध्ये केंद्राने अ‍ॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. पुढच्या स्टिअरिंग अ‍ॅक्सलला ७ टन, चार टायरच्या एकट्या अ‍ॅक्सलला ११.५, जोडअ‍ॅक्सलला २१ आणि ट्रेलरच्या तीन अ‍ॅक्सलना मिळून २७ टन. म्हणून अठरा टायरची गाडी (घोडा ४ बाय २, म्हणजे ताकद मिळणारी मागची एकच जोडी, मागे तीन अ‍ॅक्सल) ४५.५ टनांत बसते आणि बावीस टायरची (६ बाय ४ घोडा, ताकद मिळणाऱ्या मागच्या दोन जोड्या) ५५ टनांत. पुढचा सगळा हिशेब याच एकूण वजनावर, म्हणजे घोडा, ट्रेलर आणि माल मिळून.

पण कायद्याने चालणारं वजन आणि तुमचं वजन यांत फरक असू शकतो. चाकणहून नव्या कार नेणारा कार-कॅरिअर दिसायला अवाढव्य, पण जागा भरते, वजन भरत नाही. उलट डोलवीहून स्टीलचे कॉइल आणणारा ट्रेलर अर्धा रिकामा दिसतो आणि काट्यावर पूर्ण भरतो. मागच्या काही महिन्यांच्या काट्याच्या पावत्या काढा. सरासरी बाजूला ठेवा. नेहमी येणारं सगळ्यात जड वजन कोणतं ते बघा. एखादीच फेरी जड असेल तर तिच्यासाठी वर्षभर जास्त डिझेल जाळायचं की ती फेरी भाड्याच्या गाडीवर द्यायची, हा निर्णय याच टेबलावर होतो.

त्याच पावत्यांवरून आणखी एक गोष्ट कळते: माल कुठल्या बाजूने जातो. न्हावा शेवाहून आयातीचा भरलेला कंटेनर घेऊन वर येत असाल तर बोरघाट तुमच्यासाठी चढ आहे. निर्यातीचा माल घेऊन खाली जात असाल तर तोच घाट ब्रेकची परीक्षा आहे, चढताना गाडी रिकामी किंवा हलकी. एकाच रस्त्यावरच्या या दोन धंद्यांना एकच सल्ला देणारा माणूस तुमचा हिशेब करत नसतो, स्टॉकमधली गाडी काढत असतो.

सपाटीवरचा आरपीएम

टायर १०.००-२० असो की २९५/८०-२२.५, चाक एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातं. खात्री करायची तर भरलेल्या गाडीच्या टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, एक फेरा पुढे ढकला, टेपने मोजा. ३.२ धरलं की आरपीएमचं, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचं, सूत्र सोपं होतं (वेग ताशी किलोमीटरमध्ये):

आरपीएम = वेग × हौसिंगचा रेशो × टॉप गिअर × ५.२

मालवाहू गाडीला ८० चा स्पीड लिमिटर आहेच, आणि भरलेला ट्रेलर प्रत्यक्षात ६० ते ६५ ने चालतो. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये तीनच्या खालचे रेशो दिसतात, ते शंभरच्या आसपासच्या वेगाचे आहेत. ते आपल्याकडे आणून उपयोग नाही.

६५ चा वेग धरून ०.७५ टॉपच्या गिअरबॉक्सचा हिशेब करू. ६.१७ ला १५६४ आरपीएम येतो. ५.२९ ला १३४०, ४.८८ ला १२३५ च्या आसपास, आणि ४.११ ला फक्त १०४०. आता इंजिनचा टॉर्क कुठे आहे ते बघा. आजच्या बहुतेक मधल्या आकाराच्या डिझेल इंजिनांचा भर साधारण ११०० ते १६०० मध्ये असतो. तुमच्या गाडीचा नेमका पट्टा माहितीपत्रकात छापलेला असतो. ४.११ वाली गाडी ६५ ला या पट्ट्याच्या खाली आहे. कागदावर मायलेज सुंदर दिसेल, पण तळेगाव ओलांडून पहिला ओव्हरपास आला की आरपीएम पडणार, ड्रायव्हर एक गिअर खाली घेणार, आणि थोड्या वेळाने तो टॉप टाकणंच सोडून देणार. ज्या गिअरमध्ये गाडी राहत नाही त्याचे पैसे का भरायचे?

तोच ४.११, पण डायरेक्ट टॉपच्या बॉक्सबरोबर, १३९० देतो. छान आहे. शिवाय डायरेक्ट टॉपमध्ये काउंटर शाफ्टच्या दातांमधून ताकद जात नाही, त्यामुळे थोडं नुकसान वाचतं. याउलट डायरेक्ट टॉप आणि ५.२९ अशी जोडी असेल तर ६५ ला इंजिन १७९० वर ओरडत राहील. अशी गाडी हायवेला घेऊ नये, ती खाणीची आहे.

माझं मत विचाराल तर भरलेल्या गाडीने नेहमीच्या वेगाला १२०० ते १४०० मध्ये बसावं. म्हणजे हौसिंग आणि टॉप यांचा गुणाकार ३.६ ते ४.१. रिकामी परत येणारी किंवा कार-कॅरिअरसारखी हलकी गाडी असेल तर खालच्या टोकाला जा. कायम ५५ टन आणि वाटेत चढउतार असतील तर वरच्या.

घाटातला वेग रेशो ठरवत नाही

इथे सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून थोडं थांबू.

चढावर किती वेग मिळेल याचं सूत्र पाठ करण्याइतकं लहान आहे:

वेग = चाकापर्यंत पोचणारे एचपी × २७ ÷ (एकूण टन × (चढाची टक्केवारी + ०.८))

ते ०.८ म्हणजे टायरचं रस्त्याशी होणारं घर्षण. ३०० एचपीचं इंजिन असेल तर पंखा, कॉम्प्रेसर, गिअरबॉक्स, हौसिंग यांत थोडं खर्च होऊन चाकापर्यंत साधारण २५५ पोचतात. ५५ टन, ५ टक्के चढ. २५५ गुणिले २७ म्हणजे ६८८५. त्याला ५५ गुणिले ५.८, म्हणजे ३१९ ने भागलं की २१.६. बावीसच्या आसपास. या सूत्रात रेशो कुठेच नाही!

बोरघाटाचा अंदाज घ्यायचा तर खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ-सत्तर मीटरवर आणि लोणावळा ६२० च्या आसपास. म्हणजे पंधराएक किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर चढायचं. सरासरी चार टक्क्यांच्या जवळ जाते आणि काही तुकडे त्याहून खडे आहेत. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी लागतो. जुन्या रस्त्याने येताना बोगदा आहे, जाताना मात्र घाट चढावा लागतो. तुमच्या रस्त्याचा चढ फोनच्या नकाशातल्या उंचीवरून काढा: चढलेले मीटर भागिले अंतराचे मीटर, गुणिले शंभर.

मग रेशो घाटात करतो काय? वरच्याच ओव्हरड्राईव्ह बॉक्सच्या पायऱ्या अशा धरू: ९.४८, ६.५८, ४.६८, ३.४८, २.६२, १.८९, १.३५, १.०, ०.७५. बावीसच्या वेगाला ५.२९ वाली गाडी ३.४८ च्या गिअरमध्ये २१०० आरपीएमवर चढेल. ४.११ वाली त्याच्या खालच्या, ४.६८ च्या गिअरमध्ये २२०० वर. दोघी शेजारीशेजारी, एकाच वेगाने. फरक इतकाच की दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने एक गिअर जास्त खाली घेतलाय.

रेशो बदलणं म्हणजे भिंतीला लावलेली शिडी एक पायरी वर किंवा खाली सरकवणं. मधल्या पायऱ्या एकमेकींच्या जागा घेतात. फरक पडतो तो फक्त सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या पायरीला. वरची पायरी म्हणजे सपाटीचा आरपीएम, तो झाला. खालची राहिली.

घाटात लवकर वर यायचं असेल तर मोठं इंजिन घ्या किंवा वजन कमी करा. रेशोने ते होत नाही.

(सहा गिअरच्या जुन्या गाड्यांत ही गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे दोन गिअरमधलं अंतर मोठं असल्यामुळे एखादा रेशो नेमका चढाला जुळतो आणि एखादा दोन गिअरच्या मधे लटकतो. जुना घोडा घेत असाल तर वरचा आरपीएमचा हिशेब प्रत्येक गिअरला करून बघा.)

सुटका: उभ्या गाडीला हलवणं

खरी कसोटी इथे. चाकणच्या तळेगाव चौकात कोंडीत उभं राहायचं, दहा फूट पुढे जायचं, परत उभं राहायचं. सपाटीवर हे निभतं. पण अपघातामुळे बोरघाटात गाड्या तुंबतात तेव्हा ५५ टन चढावर उभे असतात आणि दर दोन मिनिटांनी हलवावे लागतात. त्या वेळी रेशो कमी पडला तर क्लच जळतो. वास आला की समजायचं, घाट संपेपर्यंत क्लच प्लेटचं आयुष्य संपत आलं.

हिशेब असा. क्लच सोडताना इंजिन पूर्ण टॉर्क देत नाही, कारण आरपीएम खाली असतो. ११०० न्यूटन-मीटरचं इंजिन असेल तर त्या क्षणी ७५० धरा. त्याला ९.८१ ने भागा, ७६.५ येतात. आता पहिला गिअर, हौसिंगचा रेशो आणि ०.८५ ने गुणा, आणि चाकाच्या त्रिज्येने, म्हणजे ०.५१ ने भागा. येते ती ओढ, किलोमध्ये. तिला किलोतल्या एकूण वजनाने भागून शंभरने गुणा, ०.८ वजा करा. जो आकडा उरेल तितक्या टक्क्यांच्या चढावर गाडी उभी राहून परत सुटेल.

५.२९ आणि ९.४८ ला ओढ येते ६४०० किलोच्या आसपास. ५५ टनांना ती ११.६ टक्के, म्हणजे हातात १०.८. त्याच गिअरबॉक्सला ४.११ लावला तर जेमतेम ८.२. आणि ४.११ बरोबर १२.७ चा पहिला गिअर असेल तर ११.३.

किती टक्के लागतात? फक्त एक्सप्रेसवे आणि चांगले हायवे असतील तर मी दहाच्या खाली जाणार नाही. घाट पाच-सहा टक्क्यांचा असला तरी वळणाच्या आतल्या बाजूला चढ जास्त असतो, आणि कंपनीच्या गेटचा रॅम्प, वेअरहाऊसचा डॉक, पंपाबाहेरचा खड्डा यांना कुणी टक्केवारी विचारत नाही. बारा मिळाले तर निर्धास्त. मोशी-वाघोलीकडच्या खाणी, क्रशर, किंवा लो-बेडवर पोकलेन घेऊन कच्च्या रस्त्याने साइटवर जाणं असेल तर वीसच्या पुढे हवेत. तिथे साधं हौसिंग सोडून हब रिडक्शनवाली गाडी बघा. तिच्यात शेवटचा जोर चाकाच्या हबमध्येच वाढतो, त्यामुळे प्रॉपेलर आणि अ‍ॅक्सल शाफ्टवर ताण कमी येतो. सपाटीचं मायलेज मात्र विसरायचं.

आणि पावसाळा. ओल्या रस्त्यावर टायरची पकड चाकावरच्या वजनाच्या चाळीस टक्के धरली तर अठरा टायरच्या घोड्याच्या एकाच ड्राईव्ह अ‍ॅक्सलवरच्या ११.५ टनांतून ४.६ टन ओढ निघते. ४५.५ टनांना ती दहा टक्के, घर्षण वजा जाता नऊ. म्हणजे जुलैच्या खंडाळ्यात रेशो कितीही मोठा असला तरी नऊच्या पुढे चाक जागेवर फिरेल. ६ बाय ४ ला २१ टनांवरून हाच आकडा साडेचौदा येतो. जड माल आणि घाट कायमचे असतील तर मोठ्या रेशोच्या चर्चेआधी दुसऱ्या ड्राईव्ह अ‍ॅक्सलची चर्चा करा.

उतरताना

एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनला रोखणारा ब्रेक, त्याचा जोरही याच दातांमधून चाकापर्यंत जातो. एकाच गिअरमध्ये ५.२९ ची गाडी ४.११ पेक्षा २९ टक्के जास्त धरून ठेवते. तीसच्या वेगाने घाट उतरायचा तर ५.२९ ला २.६२ च्या गिअरमध्ये आरपीएम २१६० येतो. ४.११ ला तेवढ्यासाठी ३.४८ चा गिअर लागेल, २२३० आरपीएम. ड्रायव्हर जुन्या गाडीच्या सवयीने त्याच नंबरच्या गिअरमध्ये उतरला तर ब्रेकवर भार वाढला. म्हणून रेशो बदललेली गाडी हातात देताना ड्रायव्हरला उतरायचा गिअर तोंडी सांगा आणि डॅशबोर्डवर लिहून चिकटवा.

न्यूट्रलचं तर बोलायलाच नको. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका अवजड गाडीने कित्येक गाड्यांना धडक दिली होती. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्याला हेही सांगा की आजचं इंजिन गिअरमध्ये, पाय सोडून उतरताना डिझेल बंदच करतं. न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगचं डिझेल जातं.

पैशाचा हिशेब

दोन रेशोंमध्ये अडलात तर मायलेजचा फरक रुपयांत काढा. महिन्याला ८,००० किलोमीटर आणि लिटरला २.८ ऐवजी २.९ मिळाले तर ९८ लिटर वाचतात. नव्वद रुपये लिटर धरले तर ८,८०० रुपये. वर्षाला लाखाच्या वर. एखादी क्लच प्लेट वर्षात जास्त जळली तर त्यातला किती जातो, हे तुमच्या मिस्त्रीला विचारा: सामान, मजुरी, आणि गाडी उभी राहिल्याचे दिवस धरून. न्हावा शेवाच्या फेऱ्या करणाऱ्याचं उत्तर आणि नागपूर-दिल्लीकडे सपाटीने जाणाऱ्याचं उत्तर वेगळं येईल, आणि दोन्ही बरोबर असतील.

ओव्हरड्राईव्ह बॉक्स आणि ३०० एचपी धरून माझी निवड: घाट चढून येणाऱ्या ५५ टनांना ५.२९. निर्यातीचा माल खाली नेऊन वर हलकं येणाऱ्याला ४.८८, चांगल्या एक्झॉस्ट ब्रेकसह. उत्तरेकडे जाणाऱ्या कार-कॅरिअरलाही ४.८८. गाडी एएमटी (स्वतःच गिअर बदलणारी) असेल तर कंपनीने रेशो आणि गिअर बदलण्याचं प्रोग्रॅमिंग एकत्र बसवलेलं असतं, तिथे फार हात घालू नका.

आहे त्या गाडीचा रेशो ओळखणं, बदलणं

हौसिंगवर पट्टी असते, पण जुन्या गाडीवर ती गंजलेली किंवा दुसऱ्याच हौसिंगची निघते. मोजून बघा. ट्रेलर सोडा, गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या आणि जमिनीवर राहणाऱ्या मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम ओट (चाक अडवणारे ठोकळे) लावा. हँडब्रेक सोडावा लागणार असल्यामुळे ओट लावल्याशिवाय काहीच करू नका. मागची एकच बाजू जॅकवर उचला, खाली स्टँड द्या, गिअर न्यूट्रल. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलरचे फेरे मोजा, तोच रेशो. पाच फेरे आणि वर पावाहून थोडं जास्त आलं की ५.२९. ६ बाय ४ मध्ये मागचं हौसिंग मोजायचं असेल तर दोन हौसिंगच्या मधला छोटा शाफ्ट बघा, पुढचा मोठा फसवेल.

चालू गाडीचा रेशो बदलायचा विचार असेल तर आधी कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. तुमच्या मॉडेलला कंपनी तो रेशो देत असेल तरच पुढे जा, आणि अधिकृत डीलरकडून लेखी घ्या. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलतात, एकटं कधीच नाही. ६ बाय ४ मध्ये दोन्ही हौसिंग एकाच रेशोची हवीत, नाहीतर दोन हौसिंगना ताकद वाटून देणारा मधला डिफरन्शियल सतत फिरत राहून तापेल आणि लॉक टाकलात तर काहीतरी तुटेल. काम झाल्यावर ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, नवा रेशो भरून घ्या. तो राहिला तर स्पीडोमीटर चुकतो आणि स्पीड लिमिटर भलत्याच वेगाला गाडी धरतो.

नवी गाडी घेत असाल तर डिलिव्हरीआधी एक चक्कर मारा. टॉप गिअर टाका, फोनच्या जीपीएसवर ६० येऊ द्या आणि टॅकोमीटर वाचा. ५.२९ आणि ०.७५ असेल तर काटा १२४० च्या जवळ हवा, ४.८८ असेल तर ११४० च्या. कोटेशनवर एक रेशो आणि काट्यावर दुसरा असेल तर चावी परत टेबलावर ठेवा आणि चेसिस नंबरप्रमाणे हौसिंगचा पार्ट नंबर काढून द्यायला सांगा.